माळ्यावरची कॅसेट, विसरलेला बँड

नागपुरात होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो. यंदा आमचा उतरवताना त्याच्यामागे सरकवलेला बुटांचा खोका हाती लागला. आत सत्तावीस कॅसेट. वरच्या दोन लगेच ओळखल्या. एक सिल्क रूट या बँडच्या ‘बूंदें’ अल्बमची, विकतची. दुसरी नव्वद मिनिटांची, बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानातून गाणी भरून घेतलेली, डबीतल्या इनले कार्डावर माझ्याच अक्षरात निळ्या बॉलपेनची यादी. बजाजनगरात दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो तेव्हा या दोन कॅसेटनी मला आणि माझ्या रूमपार्टनरला जेवढी साथ दिली तेवढी मेसच्या डब्यानंही दिली नाही. आणि तरी मधल्या वीस-बावीस वर्षांत मी तो बँड साफ विसरलो होतो. गायक नव्हे, बँड. मोहित चौहान कोण विसरेल? पण त्याच्यासोबत आणखी कोण होतं हे खोका हातात घेऊन उभा असताना मला सांगता आलं नाही.

पुढचे चार रविवार तो बँड परत शोधण्याच्या उद्योगात गेले. त्यात काय करावं, काय करू नये हे जे कळलं ते इथे क्रमानं लिहितो. तुमचा बँड दुसरा असेल, युफोरिया असेल, कलोनियल कझिन्स असेल, नाहीतर गणपतीत मांडवात वाजवणारा गल्लीतला ऑर्केस्ट्रा. पद्धत तीच.

आधी फोन बाजूला ठेवा

सगळ्यांची पहिली चूक हीच. बँडचं नाव आठवलं की बोट फोनकडे जातं. नाव टाकलं की सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं वर येतं, आणि ते एकदा कानात शिरलं की डोक्यात जे अर्धवट, पुसट उरलेलं असतं ते बुजून जातं. ते पुसटच तर आपल्याला हवं आहे.

म्हणून कोरा कागद घ्या आणि अर्धा तास बसा. गाण्यांची नावं आठवली तर लिहा, पण तिथे अडून राहू नका. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कुठे ऐकलं? कशावर ऐकलं, रेडिओ-टेपच्या टू-इन-वनवर, वॉकमनवर, की कोणाच्या मारुतीत? कॅसेट कोणी आणली होती? आणि त्या गाण्यानंतर कोणतं गाणं लागायचं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. कॅसेटवर गाणं टाळून पुढे जाणं कटकटीचं असायचं, त्यामुळे आपण सगळं ओळीनं ऐकत होतो आणि गाणी एकमेकांना जोडूनच लक्षात राहिली. एक संपलं की दुसऱ्याची सुरुवात आपोआप ओठांवर येते.

माझ्या कागदावर आलं ते असं: दिल्लीचा बँड, चौघं जण. अल्बम एकच. ‘दूर’ हे गाणं त्यांचंच. तीन वाक्यांत दोन चुका. पण त्या तेव्हा दुरुस्त करू नका. कागद घडी करून ठेवून द्या.

ज्याच्यासोबत ऐकलं त्याला फोन करा

चॅटवर मेसेज टाकू नका. अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. फोन करा, आणि ‘तो बँड आठवतो का’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. ‘आपल्या खोलीत रात्री काय वाजायचं’ असं विचारा.

माझा रूमपार्टनर आता वर्ध्याला असतो. त्याला फोन केला तर पहिलं वाक्य, “काय करून राहिला बे एवढ्या रात्री?” विषय सांगितल्यावर दहा मिनिटं तो बोलतच होता. खालच्या मजल्यावरचे घरमालक काठीनं छत ठोकायचे, एका उन्हाळ्यात टू-इन-वनची मोटर तापून गाणी संथ झाली होती, परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरी संपल्यावर चार सेल उन्हात ठेवले होते. यातलं मला काहीही आठवत नव्हतं. मग थांबून म्हणाला, “थांब. ती ‘बूंदें’ तुझ्यापाशी हाये? अबे, ती माझी होय!”

मी विषय बदलला.

कॅसेट मशीनमध्ये घालण्यापूर्वी

इथे घाई केली तर पंचवीस वर्षं टिकलेली टेप पंचवीस सेकंदांत जाते. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कॅसेट खिडकीजवळ उजेडात धरा. काचेतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का पाहा. ती बुरशी. आपल्याकडे लोक म्हणतात, नागपूर कोरडं, इथे कसली बुरशी? पण कूलरची खोली आठवा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत खसाच्या ताट्यांमधून आलेली ओल, कपाटातले कपडेही दमट लागतात. त्यात पावसाळ्याचे चार महिने. कूलरच्या मागे ठेवलेल्या माझ्या सत्तावीसपैकी सहा कॅसेटना बुरशी होती. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाजूला काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि हाताळताना नाकाला रुमाल बांधा.

मग खालच्या कडेच्या मधल्या खिडकीत बघा. टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा इवलासा चौकोन असतो, टेपला हेडवर दाबून धरणारा. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटतो आणि तो आत कुठेतरी पडलेला असतो. तो नसेल तर आवाज दबका येतो, चढतो-उतरतो, आणि माणूस उगाच डेकला दोष देतो.

तिसरं, वरच्या कडेवरचे दोन कोपरे. तिथे प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडलेल्या असतील तर कॅसेटवर नवीन काही भरलं जात नाही. विकतच्या कॅसेटवर त्या नसतातच. भरून घेतलेल्या कॅसेटवर बहुधा शाबूत असतात. त्या आत्ताच, हा परिच्छेद वाचता वाचता मोडा. मी मोडल्या नाहीत. टू-इन-वनवर कॅसेट लावली, प्ले दाबताना बोट घसरलं आणि लाल बटणही सोबत दाबलं गेलं. चार सेकंदांत थांबवलं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे जेमतेम १९ सेंटीमीटर टेप. पण गाण्याची सुरुवातच त्यात गेली. आता तिथे आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आहे.

यानंतर पेन्सिल. सहा कोनी नटराज कॅसेटच्या दातांत बरोबर बसते. हातानं पाच-सहा वेढे फिरवा. चिकट लागतंय, अडतंय, कुरकुरतंय असं वाटलं तर थांबा आणि कॅसेट हलकेच तळहातावर आपटा, चारही कडांनी. वेढे मोकळे होतात. मग आख्खी बाजू एकदा शेवटपर्यंत आणि परत सुरुवातीला न्या, पण एखाद्या स्वस्तातल्या जादा मशीनवर, आणि फास्ट फॉरवर्डनं नव्हे, साध्या प्लेनं. वेळ लागतो. लागू द्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठवाल्यापेक्षा पातळ असते, तिला हिसका सोसत नाही.

टेप तुटलीच तर कॅसेट उघडावी लागते. कवचाला पाच स्क्रू असतील तर सोपं आहे. कवच चिकटवलेलं असेल तर कडेनं पातळ पातं फिरवून उकलावं लागतं, आणि मग आतल्या दोन्ही चकत्या स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात बसवायच्या. त्यासाठी एखादी नकोशी भजनांची कॅसेट बळी द्यावी लागते (घरात विचारून द्या). तुटलेली दोन टोकं कात्रीनं किंचित तिरपी कापा, एकमेकांना भिडवा, मागून जोडपट्टी लावा. मागून म्हणजे हेडला घासत नाही त्या बाजूनं. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते, पट्टी तिच्या कडेबाहेर केसभरही यायला नको. साधी सेलोटेप वापरूच नये असं जाणकार सांगतात. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. मी वापरली, पण एकदा वाजवून संगणकात घेण्यापुरती.

डेक

माळ्यावरचा टू-इन-वन निघाला तर तो चालू होईल, दिवा लागेल, पण चाकं फिरणार नाहीत. आतला रबरी बेल्ट एक तर सैल झालेला असतो, नाहीतर वितळून डांबरासारखा काळा चिकटा झालेला. तो बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. बर्डीतल्या ‘मोदी नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत विचारत गेलो तर तिसऱ्या दुकानात वाट सापडली. काउंटरवरच्या तरुणाला कळलंच नाही मी काय मागतोय. मागून म्हातारे मालक उठले, मशीन उलटं करून बघितलं आणि म्हणाले, “बेल्ट टाकून देतो, पण रोलर तुम्हीच साफ करा. ते काम घाईचं नाही.”

खरं आहे. कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हेड पुसा, त्याच्या शेजारचा चकचकीत दांडा पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. रबरी रोलर मात्र अल्कोहोलनं फार घासू नका, तो कडक होतो. साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा पुरतो. हाताला लावायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश काढायचं रसायन तर प्लॅस्टिकच खातं.

हेडजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो हेडचा कोन बदलतो, आणि भरून घेतलेल्या कॅसेटसाठी सोन्याच्या मोलाचा आहे. दुकानदाराच्या डेकचं हेड जरा तिरपं असेल तर आपल्या सरळ हेडवर ती कॅसेट घोंगडी पांघरून गायल्यासारखी ऐकू येते. गाणं चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा, पाव वेढ्याच्याही आत, इकडेतिकडे फिरवा. झांजा आणि ‘स’चा आवाज लख्ख झाला की थांबा. गाण्यामागे हळूच उलटं गाणं ऐकू येत असेल तर टेप हेडसमोर वर-खाली सरकतेय असं समजा. कॅसेटच्या त्याच चिंचोळ्या पट्टीवर दुसरी बाजू उलट्या दिशेनं भरलेली असते.

इनले कार्डावर डॉल्बीची, म्हणजे टेपची सळसळ कमी करणाऱ्या तंत्राची, खूण असेल तरच डेकवरचं डॉल्बीचं बटण चालू करा. नसताना चालू केलं तर गाण्याचा वरचा पदरच निघून जातो.

संगणकात उतरवणं

हे वाटतं तितकं अवघड नाही. डेकच्या लाइन-आउटमधून, नाहीतर हेडफोनच्या भोकातून तार काढायची. पुष्कळ लॅपटॉपना हल्ली एकच भोक असतं आणि त्यात फक्त माइकचा एकेरी आवाज जातो. डावा-उजवा वेगळा हवा असेल तर यूएसबीवर चालणारी छोटी ऑडिओ पेटी घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्झ, स्टीरिओ. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या ठिकाणी उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असा ठेवा. लाल पट्टीत गेलेला आवाज नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. १६ बिटची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे तीस मिनिटांच्या बाजूला ३०० एमबी. आख्खी बाजू एका दमात घ्या, गाणी मग तोडा.

लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर विजेची घुंई घुसते. आणि कूलर बंद. त्याचा आवाज तारेतून येणार नाही, पण पंप चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ येतं, ते मला तिसऱ्या वेळी उमगलं. म्हणजे हे काम पहाटे साडेपाच ते आठ. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, हात घालूच नका.

सळसळ काढायचा मोह होतो. दोन गाण्यांमधली शांत जागा निवडून ऑडॅसिटीला ‘हा गोंगाट’ असं दाखवता येतं आणि ती तेवढा वजा करते. पाच-सहा डेसिबलच्या पुढे जाऊ नका. मी पहिल्यांदा अठरा केले, आणि मोहित चौहान फुटाळा तलावाच्या तळातून गातोय असं ऐकू आलं. मूळ फाइल कधीही बदलायची नाही, जे काय करायचं ते तिच्या प्रतीवर. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर.

हे सगळं स्वतःच्या ऐकण्यापुरतं. ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे कुठे चढवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका.

आता शोधा

आता फोन घ्या. मी ‘सिल्क रूट’ टाकलं आणि पहिली दोन पानं उंट, वाळवंट आणि चीनचा रेशमी व्यापार. बँडच्या नावासोबत अल्बमचं नाव आणि निदान एका माणसाचं नाव टाकल्याशिवाय काही निघत नाही. रोमनमध्ये एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा, ज्यानं चढवलं त्यानं कशी केली असतील सांगता येत नाही. डिस्कॉग्ज या अल्बमांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर कॅसेटच्या कडेवरचा छापील क्रमांक टाकून शोधता येतं, नावानं शोधण्यापेक्षा ते खात्रीचं. गाण्यांच्या ॲपवर दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका. पुष्कळदा ते अल्बम पुन्हा काढल्याचं असतं. इनले कार्डावरचं वर्ष खरं.

घडी केलेला कागद याच वेळी उघडायचा. चौघं आणि दिल्ली, बरोबर. ‘बूंदें’ १९९८ चा. ‘अल्बम एकच’ चूक, २००० मध्ये ‘पहचान’ आला होता आणि तो मी ऐकलेलाच नव्हता. म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीत माझ्या तरुणपणीच्या बँडचा एक नवाकोरा अल्बम मला मिळाला. आणि ‘दूर’ तर त्यांचं नव्हेच, ते कराचीच्या स्ट्रिंग्जचं. १९८८ साली जमलेला, मध्ये थांबून २००० मध्ये ‘दूर’ घेऊन परतलेला आणि २०२१ मध्ये थांबलेला बँड. भरून घेतलेल्या कॅसेटवर सिल्क रूटचं ‘डूबा डूबा’ संपलं की ‘दूर’ लागायचं. दुकानदारानं दोन गाण्यांत फट सोडली नव्हती, आणि माझ्या डोक्यात दोन देशांचे दोन बँड मिळून एक झाला होता. तुमच्याकडे एमपीथ्रीच्या सीडी असतील तर याहून सावध राहा, त्यांवरची निम्मी नावं कोणाच्याही मनानं दिलेली असायची.

ऐकणं, एकदा नव्हे तीनदा

ॲपवर सिल्क रूट शोधता शोधता तुम्ही नकळत मोहित चौहानच्या पानावर पोचता, आणि तिथून ‘जब वी मेट’, ‘दिल्ली-६’, ‘रॉकस्टार’. २००७ पासून पुढची सगळी गाणी. उत्तम आहेत, ‘रॉकस्टार’साठी फिल्मफेअरही मिळालं. पण बँड तिथे नाही. तो इनले कार्डावर आहे. भिंग घेऊन वाचा: मोहित चौहान, अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी. कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून गाण्यांच्या फोल्डरमध्येच ठेवा.

मग हेडफोन लावा आणि आख्खा अल्बम कॅसेटच्या क्रमानं ऐका. पहिल्यांदा कसंही, गाणी म्हणत ऐका, ते थांबवता येतच नाही. दुसऱ्यांदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करा. हे कठीण आहे. एक युक्ती सांगतो, फक्त तालवाद्याला धरून राहा, केनी पुरी काय करतोय तेवढंच. तिसऱ्यांदा केम त्रिवेदीचा कीबोर्ड. तो कुठे शिरतो आणि, मला जास्त आवडलेली गोष्ट, कुठे गप्प बसतो. दोन कडव्यांच्या मध्ये जिथे मी पूर्वी उठून पाणी प्यायला जात असे, तिथेच ही माणसं एकमेकांकडे बघून वाजवत होती.

टू-इन-वनच्या एकुलत्या स्पीकरवर यातलं निम्मं तेव्हा ऐकूच येत नव्हतं. त्यामुळे ‘जुनं तेच बरं’ म्हणू नका. सळसळीची कॅसेट ओळखीसाठी, वादक ऐकायला ॲपवरची स्वच्छ प्रत. मी दोन्ही आलटून पालटून लावतो.

रूमपार्टनर परवा वर्ध्याहून आला. मी तयारीत होतो: पेनड्राइव्ह, त्यात दोन्ही कॅसेटच्या फाइली, कार्डाचे फोटो, वरून ‘पहचान’ची लिंकही पाठवली. त्यानं तर्री-पोहे संपवले, पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. “हे तुझ्यापाशी राहू दे. माझी कॅसेट दे.”

“वाजवशील कशावर? डेक आहे का तुझ्याकडे?”

“नाही,” तो म्हणाला. “पण कॅसेट माझी होय.”

नेली.